फाळक्याच्या वर

कारखान्याचा पट्टा पडला तेव्हा कुठं ट्रॉली मिळाली.
तोवर बाळगोंडाचं एकच, "ऊस हाय वैनी, ऊस हाय."
आली ती फटीफटीत पाचट घेऊन,
मागच्या लाल फडक्यासकट,
आणि उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या बोळात
मागं मागं सरकत अशी बसली
की शिंत्र्यांची मोटारसायकल दोन दिवस आतच राहिली.

भाडं दिवसाचं. कौलं, वासे, माती, काय बी भरा,
पण फाळक्याच्या वर न्हाई.
बोटानं रेघ ओढून दाखवली त्यानं, हवेत.

शौकत मुजावर वर चढला,
पहिलं कौल उचललं आणि शिंकला.
सव्वीस वर्षांचं कांडप होतं वर.
ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी,
कुणाकुणाच्या घरचे धने, कुणाचं खोबरं,
डंकाच्या ठोक्या-ठोक्याला चिमूटभर उडून
कौलांच्या पोटाला बसलेलं.
खाली झेलणारा पोरगा शिंकला,
ट्रॉलीत रचणारा शिंकला,
खिडकीतनं शिंत्र्यांचं म्हातारं शिंकलं, शिवी हासडली.
आणि मला उगीच बरं वाटलं.
एवढी वर्षं लोकांचं तिखट मापून परत दिलं,
तरी थोडं थोडं माझ्याकडंच राहिलं होतं.

संध्याकाळी ट्रॉली अर्धी.

रात्री बोळात पावलं वाजली.
कुणीतरी कायतरी ओढत होतं.
हळूच ठेवल्याचा आवाज,
मग हळूच ठेवता न आल्याचा.
उठले नाही मी.
दारात रिकामी गाडी दिसली
की माणसाला घरातलं सगळंच जड व्हायला लागतं.

सकाळी फाळक्याच्या वर दीड हात.
फुटका कमोड, मुतलेली गादी,
गणपतीच्या मखराचं थर्माकोल, काच नसलेला टीव्ही,
एक कुबडी, जी सगळ्यांनी ओळखली
आणि कुणी ओळखली म्हणालं नाही.
आणि कोपऱ्यात, माझ्या कौलांच्या मागं
कुणाला दिसू नये असा खुपसलेला
पत्र्याचा बोर्ड.

सावर्डेकर बंधू. मिरची कांडप व मसाले.
हिरव्यावर पिवळी अक्षरं.

वाटणीत डंक आमच्याकडं आला,
बोर्ड धाकट्या दिरानं नेला.
तीन दारं पलीकडं राहतो. दुधाला आम्ही एकाच वेळी जातो,
दोघंही दूधवाल्याशीच बोलतो.
डंक नसताना बोर्डाचं काय केलं चौदा वर्षं
त्याचं त्याला ठाऊक.
पण गंज नव्हता.
कडांना बोट लावलं तर तेल लागलं.

बाळगोंडा म्हणाला, "हे ठरलं न्हवतं. तीनशे जादा."
दीडशेवर आणला.
एरवी शंभरावर आणला असता.

नवा पत्रा निळा, डोळ्यावर येणारा.
मावळतीच्या कोपऱ्यात वीतभर कमी पडला.
शौकतनं टेप लावला,
भिंतीला टेकवलेल्या बोर्डाकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"बसतंय," म्हणाला. "अक्षरं वर करू का खाली?"

वर केली तर वाचणार घारी.
खाली केली तर मी,
डंक चालू असताना, दिवसभर, मान वर केली की.
"खाली," म्हणाले.
मग म्हणाले, "थांब जरा."

ट्रॉली निघाली. कौलं खडखडली,
पोरांनी मागं लोंबकळायचा प्रयत्न केला,
बोळभर तांबूस धूळ उठली.
तोंडाशी दीर उभा होता, हातात दुधाची पिशवी,
भिंतीला पाठ लावून गाडीला वाट देत.
ट्रॉलीच्या आत त्यानं बघितलं नाही.
ती अंगावरनं गेली तसा
शिंकला, एकदा, परत एकदा,
आणि पिशवी सांभाळत तसाच उभा राहिला.

वरनं शौकत ओरडला,
"वैनी, हात भरून आलं माझं.
वर का खाली?"